जाळीचं कर्ज आणि एकसष्ट पिल्लं

बचत गटाकडे कर्जाचे अर्ज येतात ते शेळीसाठी, शिलाई मशीनसाठी, काजू बीच्या खरेदीसाठी, जूनमध्ये मुलांच्या फीसाठी. कुडाळ तालुक्यातल्या एका वाडीतून आलेला हा अर्ज कोंबड्यांसाठी होता. परसाला जाळीचं कुंपण घालायचं, रक्कम अठरा हजार रुपये, कारण एका ओळीत : "मुंगूस कोंबड्या नेतं." बैठकीत आधी हशा पिकला. मग एकेक बाई आपापल्या घरच्या मुंगसाबद्दल बोलायला लागली आणि विषय अर्ध्या तासात संपेना.

मी या गटाचे हिशेब बघते. अर्ज मंजूर करायला कुणाची हरकत नव्हती, कारण अर्जदार काकींचा एकही हप्ता कधी थकलेला नाही. पण परसातल्या मोकळ्या कोंबड्यांसाठी अठरा हजार म्हणजे कळपाच्या किमतीपेक्षा जास्त. तेव्हा ठरलं की आधी वर्षभरात कोंबड्या नेमक्या कशाने गेल्या ते बघू, मग जाळीचं बोलू. पुढचं सगळं त्या चौकशीतून निघालं.

घर, परसू आणि कळप

घर चिऱ्याचं, कौलारू. पुढे सारवलेलं खळं, मागे परसू, बाजूला गोठा आणि मांगर, त्यापलीकडे माड, थोड्या पोफळी, काजूची कलमं आणि मग वहाळ, म्हणजे ओढा. कोंबड्यांना फिरायला स्वतःची अशी पाऊण एकर जागा आहे. कोंबड्यांना सातबारा वाचता येत नसल्याने प्रत्यक्षात त्या याहून बऱ्याच मोठ्या क्षेत्रावर वहिवाट सांगतात. त्याचं पुढे येईलच.

काकी साठीच्या. काका शेती आणि गुरं बघतात, मुलगा मुंबईत, सून आणि सातवीतली नात घरी. कळप मात्र पूर्णपणे काकींचा. वाडीत सगळीकडे हेच आहे : भात काकांचं, काजू काकांचे, कोंबड्या बाईच्या. अंडी दुकानदाराला बारा रुपयांनी जातात. कोंबडा देवाच्या राखणेच्या विधीला लागतो, गौरीच्या तिखट नैवेद्याला लागतो, मे महिन्यात मुंबईकर आले की वड्यांबरोबर लागतो. त्याचे पाचशे-सहाशे रुपये सहज येतात. हा पैसा काकींच्या डब्यात जातो आणि त्याचा जाब घरात कुणी विचारत नाही. नातीची सहलीची वर्गणी, माहेरच्या लग्नातला आहेर, डोळ्याच्या डॉक्टरकडे जायचं रिक्षाभाडं हे सगळं त्या डब्यातून.

पैशापलीकडेही बरंच आहे. सकाळी खुराड्याची फळी सरकवली की कोंबडा आधी बाहेर येतो, मान वर करून आभाळ न्याहाळतो आणि मगच बायका बाहेर पडतात. त्याला किडा सापडला तर स्वतः न खाता "कुक् कुक्" करून तांबडीला बोलावतो. हे नात तासभर बघत बसते. तांबडी, काळी, कवडी, मानेवर पिसं नसलेली बोडकी अशी प्रत्येकीची ओळख रंगावरून आणि खोडीवरून. बोडकी गोठ्यात जाऊन गायीच्या कासेजवळचे गोचीड टिपते आणि गाय तिला मान वळवून देते. काळीने एकदा काकांच्या जुन्या इरल्यात आठवडाभर अंडी घातली आणि कुणाला पत्ता लागला नाही. कवडी माघात नाहीशी झाली तेव्हा कोल्ह्याने नेली असं धरून सगळे गप्प बसले. तीन आठवड्यांनी ती गवताच्या उडवीतून नऊ पिल्लं घेऊन बाहेर आली. नात त्या दिवशी शाळेत उशिरा पोचली.

एप्रिलच्या सुमारास भरदुपारी बावीजवळ, म्हणजे विहिरीपाशी, मुंगसाने नेली ती हीच कवडी. काकींचा अर्ज त्या आठवड्यातला.

मोजणी

वर्षभरात मुंगसाने किती नेल्या, असं विचारल्यावर काकींचं उत्तर ठरलेलं : "पिलां मोजूची नाय गे बाय, दिष्ट लागता." त्यामुळे मोठ्या कोंबड्यांचा आकडा त्यांना पाठ होता, पिल्लांचा नाही. पण नातीने शाळेच्या वहीच्या मागच्या पानांवर प्रत्येक रवणीची, म्हणजे उबवायला बसवलेल्या अंड्यांच्या खेपेची, नोंद ठेवली होती, कोणती कोंबडी, किती अंडी, कधी फुटली, किती पिल्लं. पुढे नावासमोर फुल्या. फुली कशाची ते काकींना आठवत होतं. वही आणि आठवण समोरासमोर बसवून दोघींनी संध्याकाळभर हिशेब जुळवला.

सहा रवणींतून एकसष्ट पिल्लं निघाली. दोन महिन्यांची होईपर्यंत एकोणीस उरली. गेलेल्या बेचाळीसांपैकी घार आणि कावळे यांनी अकरा नेली. मुंगूस आणि रानमांजर यांच्या नावावर सहा. पावसात भिजून, गारठून गेलेली चौदा. रक्ती हगवणीने चार. उरलेली सात कशी गेली ते कुणालाच माहीत नाही, संध्याकाळी मोजली तेव्हा नव्हती.

मोठ्या कोंबड्यांचा हिशेब आणखी वेगळा होता. शिमग्याआधी कोंबडे, कोंबड्या आणि तलंगा (वयात येणाऱ्या तरुण कोंबड्या) धरून अठरा पक्षी होते. शिमग्यानंतरच्या आठ-दहा दिवसांत बारा मेले. दोन काकींनी घाईने बाजारात विकले. उरले चार, आणि त्या चारांतली एक कवडी. रोगातून वाचलेली कोंबडी मुंगसाने नेली, म्हणून ती इतकी लागली. वर्षभरात मुंगसाने नेलेले मोठे पक्षी एकूण दोन.

बारा कोंबड्या मेल्या त्याचा अर्जात उल्लेख नव्हता. का, हे विचारल्यावर काकी म्हणाल्या, "तो रोग. तो येताच. तेका कोण काय करतलो?" मुंगूस हा शत्रू आहे, त्याला तोंड आहे, शेपटी आहे, त्याच्यामागे काठी घेऊन धावता येतं. शिमग्यानंतरची मर मात्र त्यांनी उन्हाळ्यासारखी ऋतूतच धरलेली.

काकांचा पर्याय फासकी लावायचा होता. तो गटाने लगेच बाजूला ठेवला, कारण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली मुंगसाला पकडणं किंवा मारणं गुन्हा आहे. शिवाय परसातले उंदीर, घुशी आणि साप मुंगूसच आटोक्यात ठेवतं. काकींनाही ते मारायचं नव्हतं. सकाळी मुंगूस आडवं गेलं की त्या आजही हात जोडतात, आणि दुपारी त्यालाच शिव्या घालतात.

जाळीने काय झालं असतं

मोजणीनंतर जाळीचा प्रश्न अर्धा सुटला होता. उरलेला अर्धा खाद्याच्या हिशेबाने सुटला.

मोठ्या कोंबडीला दिवसाला साधारण ८० ते १०० ग्रॅम खाणं लागतं. मोकळी कोंबडी त्यातला मोठा वाटा स्वतः मिळवते : वाळवी, गांडुळं, नाकतोडे, गवताचं बी, खळ्यात सांडलेलं भात, उष्टं-खरकटं. काकी वरून फक्त सकाळ-संध्याकाळ मूठमूठ कणी आणि भिजवलेला कोंडा टाकतात. जाळीत घातल्यावर ती सगळी शंभर ग्रॅमची जबाबदारी घरावर येते. पंधरा पक्षी धरले तर दिवसाला सव्वा ते दीड किलो. किलोला पस्तीस रुपये धरूनही वर्षाचा खर्च सोळा ते एकोणीस हजारांच्या घरात जातो.

आता दुसरी बाजू. गावठी कोंबडी एका खेपेला बारा-पंधरा अंडी घालते आणि खुडूक बसते, म्हणजे अंडी घालणं थांबवून उबवायला बसते. वर्षाला साठ-सत्तर अंड्यांच्या पलीकडे ती सहसा जात नाही. बारा कोंबड्यांची साठाप्रमाणे सातशे वीस अंडी, आणि एकही न उबवता सगळी बारा रुपयांनी विकली तर ८,६४० रुपये. म्हणजे खाद्याचा जेमतेम निम्मा खर्च निघतो, आणि वर जाळीचा हप्ता. गावठी कोंबडी परवडते ती फिरते म्हणूनच. बंद केली की ती कमी अंडी देणारी, महागडं खाणारी कोंबडी होते, आणि त्या स्पर्धेत शेडमधल्या वर्षाला तीनशेच्या आसपास अंडी देणाऱ्या जातीपुढे तिचा टिकाव लागणं शक्य नाही.

गटातल्या एका तरुण सदस्याने सुचवलं की जाळीच घालायची तर गावठी कशाला, सुधारित जाती आणा. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेची वनराज आणि ग्रामप्रिया, बंगळूरच्या कृषी विद्यापीठाची गिरिराज या जाती परसासाठीच काढलेल्या आहेत, अंडी गावठीच्या दुपटीच्या आसपास, वजनही दांडगं. सूचना वाईट नव्हती. काकींनी मात्र गिरिराज पाळून झाल्या होत्या. "अंडी घालतत, पण पिलां काढनत नाय," हे त्यांचं पहिलं म्हणणं. या जाती खुडूक बसत नाहीत, म्हणून दर खेपेला पिल्लं विकत आणावी लागतात. दुसरं, त्या जड. घार आली की गावठी तलंग बेड्याच्या कुंपणावरून उडून फणसावर जाते, गिरिराज तिथेच उभी राहून ओरडते. मला स्वतःला वाटतं की रस्त्यालगतच्या, कुंपणाच्या घरात ग्रामप्रिया चांगली चालेल. वहाळाकाठच्या या परसात नाही.

हा प्रश्न एका वाडीचा नाही. २०१९ च्या पशुगणनेत देशातल्या ८५ कोटींहून अधिक कोंबड्या-बदकांपैकी जवळपास ३२ कोटी परसातल्या होत्या, आणि आधीच्या गणनेपेक्षा परसातला आकडा ४५ टक्क्यांहून जास्त वाढला होता. बहुतेक सरकारी योजना या वाढीला पिल्लं वाटून हातभार लावतात. वाटलेली पिल्लं पुढच्या शिमग्यानंतर कुठे असतात, याची वही फारशी कुणी ठेवत नाही.

शिमग्यानंतरचा रोग

तालुक्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना काकींनी लक्षणं सांगितली. आधी कोंबडी पंख पाडून कोपऱ्यात उभी राहते, डोळे मिटते. मग हिरवट पातळ हगवण. चोच उघडून घरघर. दोन-तीन दिवस जगली तर मान पिळल्यासारखी वाकडी होते, पाठीवर पडते, पाय झाडते. डॉक्टरांनी वाक्य पुरं होऊ दिलं नाही. मानमोडी. पुस्तकात राणीखेत. आज उत्तराखंडात असलेल्या राणीखेतमध्ये १९२८ च्या सुमारास तो भारतात पहिल्यांदा नोंदवला गेला, म्हणून ते नाव. इंग्लंडातल्या न्यूकॅसलजवळ तो १९२६ मध्ये आढळला, म्हणून बाहेरच्या जगात तो त्या गावाच्या नावाने ओळखला जातो. विषाणूचा रोग, त्यावर औषध नाही. लस न टोचलेल्या कळपात दहातल्या आठ-नऊ कोंबड्या जाणं नेहमीचं. लसूण, हळद, कांद्याचा रस काकींनी सगळं देऊन पाहिलं होतं. ज्या वाचल्या त्या औषधाने वाचल्या असं त्यांना वाटायचं, आणि डॉक्टरांनी त्यावर वाद घातला नाही.

त्यांनी विचारलं ते वेगळंच. रोग यायच्या आधी घरात बाहेरची कोंबडी आली होती का? आली होती. आठवडा बाजारातून आणलेला, लाल तुऱ्याचा, देखणा कोंबडा. तो आला आणि सहाव्या-सातव्या दिवशी पहिली कोंबडी गेली. शिमग्याच्या सुमाराला कोंबड्यांची सर्वांत जास्त ने-आण होते. पाहुण्यांसाठी, नवसासाठी, राखणेसाठी. ऊन वाढतं, पक्षी थकलेले असतात, आणि बाजारात दहा गावांचे कोंबडे एकाच डालग्यात, बांबूच्या मोठ्या टोपलीत, दाटीने भरलेले असतात. रोगाला यापेक्षा सोयीचं काय?

आणि मग काकींनी विकलेले ते दोन पक्षी. रोग आला की उरलेल्या पटकन विकायच्या किंवा कापून खायच्या, हा वाडीचा जुना रिवाज आहे. घरापुरता विचार केला तर तो शहाणपणाचा आहे, बुडणारे हजार रुपये वाचतात. पण ते दोन पक्षी बाजारात गेले आणि तिथून दुसऱ्या दोन परसांत. काकींच्या घरी रोग आला तोही कुणाच्या तरी अशाच हजार रुपयांतून आला असणार. हे डॉक्टर शांतपणे बोलले, आणि काकी त्या दिवशी परतीच्या एसटीत फार बोलल्या नाहीत.

डॉक्टरांची एक ताकीद इथे नोंदवायला हवी. अचानक, एकदम पुष्कळ कोंबड्या मेल्या तर ती मानमोडीच आहे असं घरच्या घरी ठरवायचं नाही. बर्ड फ्लूतही असंच होतं, आणि देशातला त्याचा पहिला उद्रेक २००६ मध्ये आपल्याच राज्यात, नंदुरबारच्या नवापूरला झाला होता. दवाखान्याला कळवायचं, मेलेल्या कोंबड्या वहाळात फेकायच्या नाहीत, चुना टाकून खोल पुरायच्या. वाडीत मेलेली कोंबडी वहाळातच जायची. कळवायचं तर कुणाच्या मनातही यायचं नाही, कारण कळवलं की माणसं येऊन सगळ्याच कोंबड्या मारतील ही भीती.

शंभर मात्रांची बाटली

लस आहे, स्वस्त आहे, सरकारी दवाखान्यात मिळते. मग काकींच्या कोंबड्यांना ती कधीच का दिली गेली नव्हती? कारण बाटली शंभर किंवा त्याहून जास्त मात्रांची येते. ती बर्फात आणावी लागते, आणि एकदा पातळ केली की तास-दोन तासांत संपवावी लागते. शेडवाल्याला याची अडचण नाही. चार कोंबड्या असलेल्या बाईने शंभर मात्रांचं करायचं काय? परसातल्या कोंबड्या लसीवाचून राहतात त्याचं हे सगळ्यात साधं कारण आहे, आणि मला वाटतं सगळ्यात मोठंही.

म्हणून गटाने बाटलीभर कोंबड्या गोळा करायचं ठरवलं. वाडीतली अकरा घरं. मोकळी कोंबडी दिवसा पकडायला गेलात तर सगळी वाडी धावते आणि कोंबडी सापडत नाही. काळोखात तिला दिसत नाही, ती हलत नाही. तेव्हा ठरलं असं : रात्री सगळ्यांनी खुराडी नीट बंद करायची, पहाटे दार उघडायचं नाही, लस देणारे सहाला येतील, घरोघरी जाऊन खुराड्यातूनच एकेक पक्षी बाहेर काढायचा, टोचायचा आणि सोडायचा. आठच्या आत बाटली संपली पाहिजे.

काकींच्या जाऊबाई तयार नव्हत्या. "लस दिल्यानी नि दुसऱ्या दिसाक कोंबी आडवी," हा त्यांचा अनुभव. गटातल्या काहीजणींनी त्यांना अडाणी ठरवलं, ते मला पटलं नाही, कारण त्यांनी जे पाहिलं ते खरंच होतं. त्यांच्या घरी लस दिली गेली ती शेजारी रोग आल्यावर. तेव्हा त्यांच्या कोंबड्यांच्या अंगात रोग आधीच शिरलेला होता. लस अंगी लागायला दोन आठवडे जातात, रोगाला पाच-सहा दिवस पुरतात. शिवाय तेव्हा लहान-मोठ्या सगळ्यांनाच एकच सुई दिली गेली होती. मोठ्यांना टोचायची आर-टू-बी ही लस जरा कडक असते, ती सहा-आठ आठवड्यांच्या आतल्या पिल्लांना द्यायची नसते. त्यांना लासोटा ही लस, डोळ्यात किंवा नाकपुडीत एक थेंब. हे समजावून सांगितल्यावरही जाऊबाईंनी पहिल्या वर्षी नाहीच म्हटलं. दहा घरांच्या मिळून ७३ कोंबड्या झाल्या आणि सत्तावीस मात्रा वाया गेल्या.

वेळ निवडली दिवाळीनंतरची, भात झोडून झाल्यावर. शिमग्याच्या आधी लस चांगली मुरते आणि त्या वेळी कोंबड्या धान्य खाऊन धष्टपुष्ट असतात.

डालगं आणि पावसाळी रवण

पिल्लांचा प्रश्न लसीने सुटणारा नव्हता. वहीत परत बघितलं तर सहापैकी दोन रवणी ऐन पावसात निघाल्या होत्या. बावीस पिल्लं, त्यांतली दोन जगली. गारठ्याने गेलेली चौदाही यांतलीच आणि रक्ती हगवणीची चारही. सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. आईच्या पंखाखाली दहा पिल्लं मावतात, पण आई चरायला निघाली की ती ओल्या गवतातून तिच्यामागे धावतात आणि पोट भिजवून घेतात. हगवणीचे जंतूही ओल्या जमिनीतच वाढतात.

काकींच्या सासूबाई मिरगापासून गणपतीपर्यंत रवण बसवत नसत. काकींना हे माहीत होतं, मग का बसवली? एक रवण काळीने चोरून घातली होती. दुसरी त्यांनी स्वतः बसवली, कारण शिमग्यात कळप गेला होता आणि तो लवकर भरून काढायचा होता. रोगाचं नुकसान पावसाने दुप्पट केलं ते असं. आता ठरलं की पावसात खुडूक बसलेली कोंबडी तीन-चार दिवस घरट्याशिवाय, खालून वारा लागेल अशा पाटीखाली ठेवायची, तिचा खुडूकपणा उतरतो. अंडी खायची, विकायची.

घार आणि कावळ्यावरचा उपाय घरात पूर्वी होताच : बांबूचं मोठं डालगं. पहिले तीन-चार आठवडे आई आणि पिल्लं डालग्याखाली पडवीत, संध्याकाळी तासभर माणसाच्या नजरेखाली बाहेर. काकींचं डालगं कुजून गेलं होतं आणि विणणारे आता वाडीत फिरकत नाहीत. त्यामुळे पिल्लं दुसऱ्या दिवसापासूनच उघड्यावर जात होती. घार-कावळ्यांनी नेलेली अकराच्या अकरा एक महिन्याच्या आतली होती. नवीन डालगी सावंतवाडीहून आणली. डालग्याखालच्या पिल्लांसाठी नात मडक्यात ओलं शेण आणि गवत भरून रात्री वारुळापाशी पालथं घालते. सकाळी मडकं वाळवीने भरलेलं असतं, आणि पिल्लांना त्याहून चांगला खुराक विकतही मिळत नाही.

गटाने शेवटी साडेतीन हजार दिले. त्यात दोन डालगी, जमिनीपासून हातभर उंच केलेलं खुराडं, आणि दाराला बारीक भोकांची जाळी, कारण रानमांजर पंजा घालून कोंबडीचा पाय ओढतं. मुंगूस दिवसा फिरतं, त्याला खुराड्याचा काही अडथळा नाही. बावीजवळची रानमोडी आणि झुडपं तोडली, एवढंच. दबा धरायला जागा कमी झाली.

माठाचे वाफे

सातबाऱ्याचं राहिलं. काकींच्या पलीकडे मुंबईहून निवृत्त होऊन आलेलं जोडपं राहतं. भात निघाल्यावर ते लाल माठ, मुळा, वाल करतात. कोंबडीला नुकता पेरलेला, शेणखत घातलेला मऊ वाफा दिसला की ती दुसरं काही बघत नाही. दोन वेळा पेरणी उकरून झाली, तिसऱ्या वेळी दगड आला आणि बोडकी लंगडत घरी आली. मग दोन घरांतलं बोलणं बंद, हळदीकुंकवालाही गेल्या नाहीत. माझ्या मते या सगळ्या प्रकरणात काकींना मुंगसाहून जास्त त्रास याचा होता, फक्त तो अर्जात लिहिता येत नव्हता. जाळीची मागणी थोडी शेजाऱ्यांसाठीही होती, हे त्यांनी खूप नंतर सांगितलं.

यावर तोडगा निघाला तो कोंबड्या उशिरा सोडण्यातून. कोंबड्या बहुतेक अंडी सकाळच्या वेळात घालतात. दहापर्यंत खुराड्यात ठेवल्या तर अंडी घरातच मिळतात, इरल्यात आणि उडवीत शोधावी लागत नाहीत. नऊ-साडेनऊपर्यंत शेजारच्या काकांचं शिंपणं उरकतं, वाफ्यांवर जुनं मासेमारीचं जाळं पसरून होतं. जाळं मालवणहून काकींच्या भावाने आणून दिलं. उशिरा सोडण्याचा तोटाही आहे, पहाटेच्या ओलाव्यात वर आलेले किडे-गांडुळं हुकतात, त्यामुळे सकाळची कणी एक मूठ वाढवावी लागली. शेजारी आता महिन्याला डझनभर अंडी पैसे देऊन घेतात. पूर्वी काकी फुकट पाठवायच्या तेव्हा ती परत यायची.

दुसऱ्या वर्षाची वही

पाच रवणी, बावन्न पिल्लं, दोन महिन्यांनंतर चौतीस. घार-कावळ्यांनी सात नेली, मुंगसाने दोन, बाकीची नऊ हगवणीने, पायाखाली येऊन आणि न कळता. पावसात एकही रवण नव्हती. शिमग्यानंतर पलीकडच्या वाडीत रोग आला, या दहा घरांत नाही. जाऊबाईंच्या नऊपैकी सात गेल्या.

एका वर्षावरून लसीला सगळं श्रेय देणं घाईचं होईल. मानमोडी दरवर्षी प्रत्येक वाडीत येतेच असं नाही, आणि बाजारातली नवी कोंबडी आता दोन आठवडे गोठ्यामागे वेगळी ठेवली जाते, त्याचाही वाटा असणार. देवीच्या रोगाचं तर काही केलेलंच नाही. भाद्रपदात डास वाढले तेव्हा दोन तलंगांच्या तुऱ्यावर फोड आले, एकीचा डोळा गेला. त्याची लस वेगळी असते आणि पंखाच्या पातळ कातडीत टोचतात. आणि मुंगसाने या वर्षीही दोन मोठ्या कोंबड्या नेल्याच. पहिल्या वर्षाइतक्याच. काकींनी त्यावर या वेळी अर्ज केला नाही, शिव्या मात्र कमी झालेल्या नाहीत.

यंदाच्या फेरीसाठी वाडीतल्या कोंबड्या पुन्हा मोजल्या. काकींनी आपल्या स्वतः मोजून आकडा दिला, फक्त डालग्याखालची पिल्लं त्यात धरायची नाहीत या अटीवर. जाऊबाईंच्या चार धरून ९१ झाल्या. उरलेल्या नऊ मात्रांसाठी पलीकडच्या वाडीतल्या दोन घरांना निरोप गेला आहे, त्यांनी कोंबड्या रात्रीच पाटीखाली झाकून पहाटे सहाच्या आत काकींच्या खळ्यात आणायच्या.